काल सोबती, आज सुपरवायझर: हिंगणा-बुटीबोरीतल्या नव्या टीम लीडरचे पहिले तीन महिने

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत सुपरवायझर निवडायची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. ज्याचा हात साफ, ज्याच्या मशीनवर रिजेक्शन (नापास माल) कमी आणि ज्याची हजेरी पक्की, त्याला केबिनमध्ये बोलावून सांगतात, "एक तारखेपासून लाइन तुझ्याकडे." पेढे वाटले जातात, हेल्मेटचा रंग बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिचारा पुन्हा आपल्या जुन्या मशीनपाशीच जाऊन उभा राहतो. आता नेमकं करायचं काय, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मिहानमधल्या आयटी कंपन्यांतही चित्र फार वेगळं नाही. तिथे उत्तम कोड लिहिणाऱ्याला टीम लीड करतात आणि तो रात्री जागून टीमचाही कोड स्वतःच लिहीत बसतो.

हा लेख त्या माणसासाठी, किंवा बाईसाठी. कारखान्यातली उदाहरणं जास्त आहेत, कारण मी त्याच बाजूचा. ऑफिसातल्यांनी शिफ्टच्या जागी सकाळचा कॉल आणि मशीनच्या जागी मॉड्यूल धरून वाचावं.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या तीन महिन्यांत लोक तुमच्यात दोनच गोष्टी पाहतात. बोलल्याप्रमाणे करतो का, आणि सगळ्यांना एकच माप लावतो का. आवाज, रुबाब, इंग्रजी, पॉवरपॉइंट हे सगळं नंतर पाहिलं जातं. खालचे टप्पे बहुतांशी या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

पहिला टप्पा: चार्ज घ्यायच्या आधी साहेबांशी नीट बोला

नियुक्तीपत्रात पद लिहिलेलं असतं, अधिकार लिहिलेले नसतात. ते विचारून घ्यावे लागतात आणि विचारायला सगळ्यांत चांगला आठवडा पहिलाच. नंतर विचारलंत तर "इतके दिवस काय केलं मग?" असं ऐकावं लागतं.

विचारायच्या गोष्टी अशा. माझ्या कामाचं मोजमाप कोणत्या आकड्यांवर होणार: उत्पादन, रिजेक्शन, डिस्पॅचची वेळ की आणखी काही? त्यातले दोन आकडे एकमेकांवर उठले, तर कोणता आधी? (हे विचाराच. महिनाअखेरीला उत्पादन आणि दर्जा हमखास भांडतात.) कोणाला न विचारता मी काय ठरवू शकतो: अर्ध्या दिवसाची रजा, ओव्हरटाइम, लाइन थांबवणं, स्टोअरमधून सुटे भाग काढणं? आणि कोणती गोष्ट मी तुम्हाला रात्री दोन वाजता फोन करूनही सांगायची?

उत्तरं आली की त्याच संध्याकाळी साहेबांना चार ओळींचा मेल किंवा व्हॉट्सॲप करा: "आज बोलल्याप्रमाणे मी असं समजलो." एवढ्याने पुढचे किती वाद टळतात, ते वर्षभराने कळतं.

लाइनवर कंत्राटी मुलं असतील तर आणखी एक चौकशी करा. त्यांची हजेरी कोण लावतो, रजा कोण देतो, पगाराची तारीख कोणती. हाताखाली काम करतात म्हणून ती सगळ्या अर्थाने तुमची होत नाहीत, त्यांचा मालक ठेकेदार. पण ठेकेदाराने मजुरी थकवली, तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते. तेव्हा एखादा पोरगा "भाऊ, अजून पगार नाही पडला" म्हणाला, तर "ते तुझ्या ठेकेदाराला विचार" म्हणून त्याला वाटेला लावू नका. त्याच दिवशी एचआरच्या कानावर घाला, आणि घातलं की नाही ते त्या पोराला सांगा.

दुसरा टप्पा: पहिल्या आठवड्यात प्रत्येकाशी एकट्याने बोलणं

पंधरा माणसं असतील तर रोज तिघं. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. कॅन्टीनचं टेबल नको, तिथे शेजारच्याचे कान उभे असतात. गोडाऊनकडची रिकामी बाजू, पार्किंगचं शेड, कुठेही चालेल. तिथे तुम्ही कमी बोलायचं आहे. तुमचं काम कुठे अडतं? कोणतं मशीन येतं, कोणतं शिकायचं आहे? घरून यायला किती वेळ लागतो? मी येण्याआधी जे चांगलं चालू होतं आणि बदलू नये असं काय आहे?

शेवटचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. नवा माणूस आला की सगळं उलटंपालटं करतो, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. ती या प्रश्नाने बरीच कमी होते आणि वर खरी माहिती मिळते.

ऐकलेलं छोट्या वहीत लिहा. त्यातल्या निदान एका माणसाची एखादी छोटी अडचण त्याच आठवड्यात सोडवा. बंद पडलेला पंखा, तुटलेलं लॉकर, न मिळालेले हातमोजे, काहीही. मोठ्या गोष्टीचं वचन देऊ नका. "पगारवाढीचं पाहतो" हे वाक्य तर तोंडातून निघूच देऊ नका. आपल्याकडे "पाहतो" म्हणजे नाही, हे सगळ्यांना कळतं, तरीही त्यावर लोक वर्षभर वाट पाहतात.

दोन भेटी मात्र अवघड आहेत.

एक, तुमचा जिवाभावाचा मित्र. काल दोघं एकाच बाईकवर येत होता. त्याला तुमच्याकडून सवलत हवी असेल असं नाही, पण बाकीच्यांचं लक्ष त्याच्याकडेच असतं. त्याला स्पष्ट सांगा, "हे पाय राजा, बाहेर आपण आहो तसेच आहो. पण आत तुले उशीर झाला तर लाल शेरा सगळ्यात आधी तुलेच बसन. नाही तर मले कोणालेच काही म्हणता येनार नाही." चांगला मित्र हसून मान डोलावतो. नाराज झाला, तर ती नाराजी पहिल्या आठवड्यातच येऊ द्या, सहाव्या महिन्यात ती फार महागात पडते.

दुसरी, ज्याला हे पद हवं होतं आणि मिळालं नाही तो. बहुधा वयाने, नोकरीने मोठा. त्याच्याशी गोड बोलून विषय टाळू नका. "काका, हे पद तुम्हाला मिळेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं, मला माहीत आहे. मला या तीन मशीनांचं तुमच्याइतकं कळत नाही. नव्या पोरांना तुम्ही शिकवावं असं मला वाटतं, आणि ते तुमच्या नावावर लागेल याची काळजी मी घेईन." नंतर ती काळजी खरोखर घ्या. साहेब लाइनवर आले की शिकवण्याचं श्रेय त्यांच्यासमोर काकांना द्या. काहीही केलं तरी काका वाकडेच चालले, तर पुढच्या टप्प्यांतलं सरळ बोलणं त्यांनाही लागू आहे.

हाक मारण्याबद्दल थोडं. नागपुरात भाऊ, दादा, काका, ताई यांवरच अर्धं काम चालतं आणि ते चालू द्या. पद मिळालं म्हणून कालच्या "काकां"ना आडनावाने हाका मारणारा माणूस दोन दिवसांत टिंगलीचा विषय होतो. ज्यांना "अहो" म्हणत होता त्यांना "अहो"च म्हणा. पण काम सांगताना एकाला "भाऊ, जरा पाहता का" आणि कंत्राटी पोराला "ए, इकडे ये बे", हे नको. लोक नेमकं तेच ऐकतात.

भाषेचंही तसंच. आपल्या लाइनवर भंडारा-गोंदियाची, वर्ध्याची, काटोलची मंडळी असतात, तशीच बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडकडचीही असतात. नागपुरी हिंदी सगळ्यांना येते, तेव्हा सूचना तिच्यात द्यायला लाजू नका. मराठी हवीच, ती बोलाच, पण सुरक्षेची सूचना एकालाही कळली नाही असं होता कामा नये.

आणि गेटबाहेरची तर्री-पोह्याची टपरी? जात जा. एकदम जाणं बंद केलं तर "आला मोठा साहेब" होतं. तिथे बसून गैरहजर माणसाच्या कामाबद्दल बोलायचं नाही, एवढंच पाळा. कोणी विषय काढलाच तर चहाचे पैसे देऊन उठा.

तिसरा टप्पा: शिफ्टच्या सुरुवातीची सात मिनिटं

हे पहिल्या दिवसापासून सुरू करा आणि एकही दिवस चुकवू नका. सगळे उभे, मशीन सुरू व्हायच्या आधी, एकाच जागी. चार गोष्टी सांगायच्या: कालचा आकडा, आजचं काम, आज कोण नाही आणि त्याच्या जागी कोण, आणि आजचा एक धोका. मग "कोणाला काही?" असं विचारून खरोखर थांबायचं. मनात दहा आकडे मोजा. पहिले काही दिवस कोणी बोलणार नाही. मग एखादा पुटपुटतो, "भाऊ, दोन नंबरचं बेअरिंग आवाज करून राहिलं." तिथून ही सभा तुमची झाली.

दोन पथ्यं. इथे कोणाचीही चूक नावानिशी काढायची नाही. आणि जे ऐकलं त्याचं काय झालं, ते दुसऱ्या दिवशी इथेच सांगायचं: "बेअरिंगचं मेंटेनन्सला सांगितलं, माल गुरुवारी येतो, तोवर वेग कमी ठेवा." काम झालं नसलं तरी सांगायचं. काहीच न सांगता गप्प राहिलात, तर पुढच्या वेळी तो माणूस तोंड उघडणार नाही.

त्याला कारण आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधं देण्यातल्या चुकांची नोंद कमी नव्हे तर जास्त आढळली. तिथले लोक जास्त चुकत होते असं नव्हतं, ते चुका लपवत नव्हते. तेव्हा तुमच्या लाइनवर "थोडक्यात वाचलो" अशा नोंदी पहिल्या महिन्यात वाढल्या, तर घाबरू नका आणि साहेबांनाही आधीच कल्पना देऊन ठेवा.

चौथा टप्पा: शिकवायला शिका

नव्या सुपरवायझरचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे "तू सरक, मी करून देतो". हात चांगला असल्यामुळेच तुम्हाला पद मिळालं, म्हणून हा मोह मोठा. पण तुम्ही मशीनवर बसलात की लाइनकडे पाहायला कोणी उरत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत कारखान्यांमधले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कधी मशीन न पाहिलेले लोक त्या जागी आले. त्यांना लवकर तयार करण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात तिथल्या सरकारने सुपरवायझरांसाठी एक प्रशिक्षण चालवलं. युद्धानंतर ते जपानमध्ये गेलं आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ते आपलंसं केलं. त्यातली शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे: माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, आणि मग लक्ष ठेवत हळूहळू बाजूला व्हा.

यात खरी मेहनत शिकवण्याच्या आधीची आहे. कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात कामाच्या मुख्य पायऱ्या, दुसऱ्यात प्रत्येक पायरीतली खुबी, तिसऱ्यात त्या खुबीचं कारण. समजा नमकीनच्या पाकिटाचं सीलिंग आहे. पायरी: पाकिटाचं तोंड जॉमध्ये (मशीनच्या सील करणाऱ्या जबड्यात) धरणं. खुबी: तोंडाच्या आतल्या बाजूला शेवेचा चुरा राहू द्यायचा नाही. कारण: चुरा राहिला तर तिथे सील धरत नाही, हवा आत जाते आणि आठवड्यात माल नरम पडतो. आपण बहुतेकदा फक्त पायरी सांगतो. खुबी आपल्या बोटांत असते आणि तिच्याबद्दल आपण कधी विचारच केलेला नसतो, म्हणून ती सांगायची राहते. कारण सांगितलं नाही, तर घाईच्या वेळी नवा माणूस सगळ्यात आधी तीच खुबी सोडतो.

दाखवताना तीनदा दाखवा: एकदा नुसत्या पायऱ्या बोलत, एकदा खुब्यांसह, एकदा कारणांसह. मग त्याच्याकडून करवून घ्या आणि शेवटच्या वेळी त्यालाच तोंडाने पायऱ्या, खुब्या, कारणं सांगायला लावा. "समजलं का?" हा प्रश्न विचारू नका. आयटीआयमधून आलेला अप्रेंटिस "हो सर"च म्हणणार. बाजूला होताना त्याला एक नाव सांगून जा: "अडलं तर काकांना विचार." पहिल्या दिवशी तासातासाने डोकावा, मग शिफ्टमध्ये दोनदा, मग एकदा.

हे तीन रकाने भरायला एका कामाला अर्धा दिवस लागतो. आठवड्यातून एक केलं तरी तीन महिन्यांत लाइनची महत्त्वाची कामं कागदावर येतात. ते कागद जुन्या माणसांकडूनच भरून घ्या. त्यांना मान मिळतो आणि तुम्हाला खुब्या.

पाचवा टप्पा: चूक दाखवणं आणि चांगलं म्हणणं

त्याच दिवशी, एकट्याने, घडलेल्या गोष्टीबद्दल. स्वभावाबद्दल एक शब्द नाही. "तू बेफिकीर आहेस" यावर माणूस भांडतो. "आज तिसऱ्या लॉटची तपासणी न करता सही झाली" यावर भांडायला जागा नसते.

उशिरा येणाऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण ते प्रत्येकाच्या वाट्याला येतं. हिंगण्याच्या बाजूला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आली, वर्धा रोडला खापरीपर्यंत, पण स्टेशनपासून गेटपर्यंतचा प्रश्न राहतोच. वर्ध्याकडून गाडीने येणाऱ्याची गाडी लेट होते. म्हणून आधी विचारा.

"या आठवड्यात तीनदा शिफ्ट सुरू झाल्यावर आलात. काय अडचण आहे?"

"भाऊ, गाडीच लेट होऊन राहिली."

"तुम्ही येईपर्यंत पॅकिंगवर गणेशला दोन मशीन पाहाव्या लागतात. आधीची गाडी जमते का? की दुसऱ्या शिफ्टला बदली टाकू?"

"आधीची जमन."

"ठीक. सोमवारपासून. पुढच्या आठवड्यात पुन्हा झालं तर मला टाइम ऑफिसला लेखी द्यावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो."

यात काय केलं ते पाहा. आकडा सांगितला, त्याचा त्रास कोणाला होतो ते सांगितलं, वाट त्याच्याकडूनच काढून घेतली, आणि पुढे काय होईल ते आधी सांगितलं. आता तुमच्यावर एक जबाबदारी आली: सोमवारी तो वेळेवर आला तर "आज वेळेत, बरं झालं" एवढं म्हणायची, आणि पुन्हा उशीर झाला तर खरोखर लेखी द्यायची. इथे ढिलाई केली की सगळी लाइन ती पाहते.

तिसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. "त्याला सांग रे, साहेब नाराज आहेत." तो निरोप पोचतो तेव्हा त्यात चार जणांचा मसाला पडलेला असतो. ज्याला सांगायचं त्यालाच सांगा.

चांगलं म्हणणं मात्र चारचौघांत चालतं, फक्त ते नेमकं हवं. "छान काम" हे कोणी लक्षात ठेवत नाही. "रात्री पट्टा सरकायला लागल्यावर वंदनाताईंनी लाइन थांबवली, म्हणून रोलर वाचला" हे घरी जाऊन सांगितलं जातं.

सहावा टप्पा: रजेचं कॅलेंडर आणि कौशल्याचा तक्ता

माझ्या मते नागपुरातला सुपरवायझर इथेच तरतो किंवा बुडतो, आणि बाहेरून आलेल्या मॅनेजरना हे सगळ्यात उशिरा कळतं.

भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर लावा आणि माणसं कधी कमी होतात ते आधीच रंगवा. जुलैत धानाची रोवणी, तेव्हा भंडारा-गोंदियाची मंडळी गावाकडे ओढली जातात. श्रावणात नागपंचमीच्या आसपास पचमढीची नागद्वार यात्रा. एक ग्रुप निघाला की पाच-सहा जण एकदम जातात. मग पोळा, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे काळी-पिवळी मारबत पाहायला इतवारी-महालातले रस्ते भरलेले. (त्या दिवशी लोक ज्याच्यावर राग आहे त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढतात. तुमचा निघू नये याची काळजी वर्षभर घ्या.) दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. १९५६ साली दीक्षा झाली तेव्हा दसरा १४ ऑक्टोबरला होता, म्हणून काहींना दसरा हवा असतो, काहींना ती तारीख. साधारण त्याच सुमारास सोयाबीन निघतं. दिवाळी आली, तिच्या पाठोपाठ छठ. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की मोर्चे, बंद रस्ते आणि उशिरा पोचणाऱ्या बसेस. एप्रिल-मे लग्नांचे. ईद, ताजबागचा उरूस, ख्रिसमस धरायचे ते वेगळेच.

यातल्या प्रत्येक वेळी "रजा नाही" म्हणणं जमत नाही. म्हटलंत तर फोन बंद करून माणसं जातात आणि मग तुम्हाला खोट्या आजारपणाची चिठ्ठी घ्यावी लागते. त्यापेक्षा नियम उघड करा: एका वेळी लाइनवरून किती जण जाऊ शकतात, मागायचं किती दिवस आधी, आणि मागच्या वर्षी ज्याला मिळाली त्याचा नंबर यंदा मागे. हे कॅलेंडरशेजारीच लावा. रोवणीवाल्याला जुलै द्या, त्याने दिवाळीत एक दिवस सोडावा. माणसं आपापसांत अशी अदलाबदल फार छान करतात, फक्त नियम सगळ्यांना दिसला पाहिजे. आणि मित्राला तोच नियम, हे पुन्हा सांगायला नकोच.

पण रजा देता यायची असेल तर जागेवर दुसरा माणूस हवा. त्यासाठी कौशल्याचा तक्ता. डावीकडे नावं, वर मशीन. प्रत्येक घरात एक चौकोन: रिकामा म्हणजे येत नाही, अर्धा भरलेला म्हणजे कोणी सोबत असेल तर येतं, पूर्ण भरलेला म्हणजे एकट्याने येतं, आणि शिकवूही शकत असेल तर त्यावर चांदणी. आता उभे रकाने पाहा. ज्या मशीनखाली पूर्ण चौकोन एकच आहे, तिथे तुमचा गळा अडकलेला आहे. तो माणूस नागद्वारला गेला की डिस्पॅच थांबला. प्रत्येक मशीनला तीन पूर्ण चौकोन होईपर्यंत शिकवण्याचा क्रम या तक्त्यावरून ठरवा. काहींना एकट्याने काम येण्यातच आपलं वजन वाटतं आणि ते शिकवायला नाखूष असतात. त्यांना चांदणीचं महत्त्व दाखवा, आणि वार्षिक मूल्यमापनात ती धरली जाईल हे साहेबांकडून आधी मान्य करून घ्या. मान्य नसेल झालं, तर तसं सांगू नका.

सातवा टप्पा: उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वाईट हाल. मेअखेरच्या नवतपाच्या दिवसांत कूलरही गरम वारा फेकतो. या दिवसांत तुमचं नेतृत्व भाषणात दिसत नाही, ते वेळापत्रकात दिसतं.

जड आणि उघड्यावरची कामं सकाळी लवकर घ्या: ट्रक भरणं, स्क्रॅप हलवणं. दुपारी सावलीतली. पाणी पन्नास पावलांच्या आत हवं, नाही तर लोक पीत नाहीत. दोघादोघांच्या जोड्या लावा, एकमेकांवर नजर ठेवायला. एखादा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागला, अंग तापलं, तर त्याला "थोडं बस" म्हणून सोडू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

नव्या माणसाची काळजी जास्त. अमेरिकेतली एनआयओएसएच ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था सांगते की, उष्णतेतल्या कामात नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच द्या आणि मग रोज २० टक्क्यांनी वाढवा. जुना पण मोठ्या सुट्टीवरून आलेला असेल तर ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. "गावचा पोरगा आहे, ऊन माहीत आहे त्याला" या समजुतीवर विसंबू नका, हेल्मेट-बूट घालून बॉयलरजवळ उभं राहणं शेतातल्या उन्हासारखं नसतं.

काही गोष्टी ज्यात तुम्ही न्यायाधीश व्हायचं नाही

एखाद्या सहकारी बाईने लैंगिक छळाची तक्रार तुमच्यापाशी केली, तर ऐका, विश्वास ठेवून ऐका, आणि तिला कंपनीच्या अंतर्गत समितीकडे पोचायला मदत करा. दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून टाका" करणं हे तुमचं काम नाही. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ही समिती असावीच लागते. लहान आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, तेव्हा "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्यात तिचं नुकसान आहे. टपरीवर याचा उच्चारही नको.

ओव्हरटाइम त्याच दिवशी रजिस्टरला चढवा. कारखान्यात तो दुप्पट दराने द्यायचा असतो, आणि "पुढच्या आठवड्यात ॲडजस्ट करू" म्हणून सोडलेले तास कोणी विसरत नाही.

अपघात झाला तर आधी माणूस, मग मशीन, मग कागद. कागदावर जे झालं तेच लिहा.

आठवा टप्पा: वरच्यांशी बोलणं

लाइनचा त्रास वर पोचवणं आणि वरचा निर्णय खाली सांगणं, दोन्ही तुमच्याच गळ्यात. वर जाताना आकडा आणि पर्याय घेऊन जा. "माणसं कमी पडतात" यावर साहेब म्हणतात, सगळीकडेच कमी पडतात. "शुक्रवारचा डिस्पॅच हवा असेल तर दोन माणसं चार तास ओव्हरटाइम, नाही तर शनिवारी दुपारी माल जाईल, तुम्ही सांगा" यावर त्यांना निर्णय घ्यावाच लागतो.

खाली सांगताना निर्णय पटलेला नसला तरी "मला तर नव्हतं करायचं, वरून आलं" हे म्हणू नका. तात्पुरती सहानुभूती मिळते, पण उद्या तुमच्या स्वतःच्या निर्णयालाही लोक तेच समजतात. जे पटलं नाही ते वर बंद दाराआड बोला आणि काय ठरलं ते कारणासह खाली सांगा.

तीन महिन्यांनंतर: स्वतःची परीक्षा

पहिल्या आठवड्यात भरलेली वही काढा आणि पुन्हा प्रत्येकाशी बोला. या वेळी दोनच प्रश्न: मी काय करायचं थांबवावं, आणि काय सुरू करावं? उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका, लिहून घ्या.

मग सलग तीन दिवस रजा टाका. लाइन ज्याच्याकडे सोपवणार त्याला आधी आठवडाभर सोबत फिरवा, सकाळची सभा त्याला घेऊ द्या, आणि तुमच्या अधिकारांतले कोणते त्याला दिले ते सगळ्यांसमोर सांगा. फोन चालू ठेवा, पण स्वतःहून करू नका. कोणकोणत्या कारणासाठी फोन येतात ते लिहीत जा. स्टोअरची चावी कुठे आहे म्हणून आला असेल तर ती माहिती भिंतीवर लागायला हवी. चार नंबरच्या मशीनसाठी आला असेल तर तक्त्यातला तो रकाना अजून अर्धाच आहे. "यांना सुट्टी देऊ का" म्हणून आला असेल, तर रजेचा नियम तुम्ही लावलात खरा, पण तो चालवायचा अधिकार अजून तुमच्याच खिशात आहे. परतल्यावर पहिल्या सोमवारी त्या यादीतलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण निवडा आणि पुढचा महिना त्याच्यावर लावा.